चार नंबरचा प्रेस आणि कॅन्टीनमधली हळद

आमच्या नाशिक रोडला 'मी प्रेसमध्ये कामाला आहे' असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच सावरून बसतो. त्याला वाटतं, नोटांचा छापखाना! मीही हा गैरसमज बरीच वर्षं चालू दिला, लग्नाकार्यात तर आनंदाने चालू दिला. खरी गोष्ट अशी की मी नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नर्स होते. तिथेही प्रेसच होते, पण पत्रा ठोकणारे. नोटा फक्त पगाराच्या दिवशी दिसायच्या.

'कारखान्यात नर्सचं काय काम?' हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की मी उत्तर पाठ करून ठेवलंय. कारखान्यात माणसं असतात, माणसांना हात असतात, आणि हातांना लागतं. गेटजवळ एक खोली, आत एक लोखंडी खाट, एक कपाट, एक मोरी आणि मी. सगळे मला सिस्टर म्हणायचे. माझ्या वडिलांच्या वयाचे फोरमनसुद्धा सिस्टरच म्हणायचे. डोळ्यात कण गेला, हात कापला, चक्कर आली, की इकडे यायचं. बायकोशी भांडून आलेलेही इकडेच यायचे. एक दांडगा गडी धनुर्वाताच्या इंजेक्शनची सुई बघितली की सरळ खाटेवर आडवा व्हायचा. मी म्हणायचे, "अहो, अजून टोचलं नाही!" तो म्हणायचा, "माहिती आहे सिस्टर, पण सवय करून ठेवतो."

तर अशी भरलेली खोली. आणि एका वर्षी ती रिकामी झाली.

झालं काय, की आमचे वर्क्स मॅनेजर पाटणकर साहेब पुण्याला कुठलंसं शिबिर करून आले आणि त्यांनी गेटवर एक मोठा बोर्ड लावला. 'अपघाताविना दिवस', आणि खाली रोज बदलायचा आकडा. नेमलेल्या आकड्याला बोर्ड पोचला की खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, सगळ्यांना बक्षीस. कुणाला काही लागलं, की आकडा शून्यावर आणि बक्षीस बोंबललं. पाटणकर साहेब वाईट नव्हते हो. माणूस हुशार, कामाला वाघ, पैशाला स्वच्छ. पण घाईचा. त्यांच्या केबिनमध्ये टेबलावर एक पाटी होती : 'प्रॉब्लेम आणू नका, सोल्युशन आणा.' ती पाटी बघूनच निम्मे लोक दारातून मागे फिरायचे.

पहिल्या वर्षी बक्षीस होतं स्टीलचे डबे. वामन नावाचा एक कामगार होता, पेठ तालुक्यातला, गरीब स्वभावाचा. प्रेसवर त्याचं बोट सोलवटलं. तो माझ्याकडे आला, मी पट्टी बांधली, नियमाप्रमाणे वरती कळवलं. बोर्ड शून्यावर आला. वामन सांगत होता की प्रेस आपोआप खाली आला. त्याला मिळालं काय? निष्काळजीपणाचा मेमो. आणि डबे गेले म्हणून अख्खं खातं त्याच्याशी बोलेना. चहाला त्याच्या शेजारी कुणी बसेना. थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली आणि गावाकडे भातशेतीला गेला. सगळ्या कारखान्याने हे पाहिलं, आणि ज्याला जे शिकायचं ते तो शिकला.

पुढच्या वर्षी बक्षीस मोठं केलं. माणशी एक प्रेशर कुकर.

आणि माझ्या खोलीत शुकशुकाट! आठवडे गेले, कुणी फिरकेना. सुईला भिणारा गडीसुद्धा दिसेना. बोर्ड आपला रोज पुढे पळतोय. पाटणकर साहेब जाता-येता म्हणायचे, "काय सिस्टर, आरामात ना?" मी हसायचे, पण मनात काहीतरी टोचायचं. पत्र्याला धार तीच, माणसं तीच, हात तेच. मग रक्त गेलं कुठे?

ते मला कॅन्टीनमध्ये कळलं. आमचं कॅन्टीन शेवंताताई चालवायच्या, म्हणजे कंत्राटदार दुसराच कुणी, राबायच्या त्या. पिंपळगावकडच्या. शेतात बाया घालतात तसा साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालून भल्या सकाळी येणार आणि भांडी घासून जाणार. एक दिवस मी चहाला गेले, तर माझ्यापुढे कप ठेवून त्या म्हणाल्या, "सिस्टर, हळद लय संपती वो हल्ली."

"म्हणजे?"

"डबा भरला की रिकामा. भाजी पांढरी होया लागली, तरी कुणी विचारीत नाय."

"कोण नेतं हळद?"

त्यांनी प्रेसच्या खात्याकडे नुसती मान वळवली. "येत्यात, चिमूट मागत्यात, जात्यात."

अगं बाई! मी कप तसाच ठेवला. कापसाने, औषधाने भरलेलं कपाट माझ्या खोलीत धूळ खातंय आणि हे लोक जखमेत स्वयंपाकाची हळद दाबताहेत! मला आधी राग आला, मग भीतीच वाटली.

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. एरवी माझा डबा माझ्या खोलीत. मी कोपऱ्यात बसले आणि बघत राहिले. आणि जे दिसलं त्याने माझा घास हातातच राहिला. प्रेस खात्याच्या बाकावर तीन माणसं डाव्या हाताने जेवत होती.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण तुम्हीच सांगा, आपल्याकडे पंगतीत कुणी डाव्या हाताने घास उचलला तर काय होतं? लहानपणी चापट बसते. भाकरी मोडायची ती उजव्याने, मग तो साहेब असो नाहीतर हमाल. आणि इथे चांगली घोड्याएवढी माणसं डाव्या हाताने भाकरीशी झटापट करताहेत, उजवा हात मांडीवर बाकाखाली, आणि शेजारचे त्यांना भाकरी कुस्करून देताहेत! कुणी हसत नाही, कुणी बोलत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना!

त्यातला एक होता रामनाथ. दिंडोरीचा, प्रेसवरचा जुना माणूस, माझ्याशी आदराने वागणारा. मी त्याला गाठलं. "हात दाखव."

"काय नाय सिस्टर. दारात सापडला."

"कुठल्या दारात? घराच्या का प्रेसच्या?"

तो कसनुसं हसला. मी त्याला माझ्या खोलीत नेलं, दार लावलं, फडकं सोडलं. हळदीचा नि रक्ताचा लगदा झालेला. नख गेलेलं, बोट सुजून काळपट पडलेलं. मी ते धुऊन औषध लावता लावता म्हटलं, "रामनाथ, अजून थोडे दिवस असंच ठेवलं असतंस तर बोट कापावं लागलं असतं. कळतंय का तुला?"

तेव्हा त्याने तोंड उघडलं. "चार नंबर डबल मारतो, सिस्टर."

हे जरा समजावून सांगते. प्रेस म्हणजे वर एक जड ठोकळा, खाली साचा. मधे पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, ठोकळा एकदा खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जाऊन थांबतो. मग हात घालून तयार तुकडा काढायचा. खरं तर चिमट्याने काढायचा, पण चिमट्याने काम हळू होतं म्हणून सगळे हातानेच काढायचे. आता समजा तो ठोकळा वर जाऊन थांबलाच नाही, न सांगता पुन्हा खाली आला, तर? तुमचा हात आत. याला म्हणतात डबल मारणं. चार नंबरचा प्रेस अधूनमधून हे करत होता. तिघांनीही ऐन वेळी हात मागे खेचला होता. कुणाचा हात पत्र्याच्या धारेने चिरला, रामनाथचं बोटाचं टोक सापडलं. एवढ्यावर निभावलं ते निव्वळ नशीब.

"आणि तू अजून त्याच प्रेसवर आहेस?"

"दुसरा मागितला तर इचारतील, का म्हणून. मग सांगावं लागंल. मग कुकर जातील. वामनचं काय झालं, बघितलंच की." मग हळूच म्हणाला, "माझ्या घरात चालंल एक वेळ. बाकीच्यांच्या घरात कुकरची वाट बघत्यात, सिस्टर. त्यांचा शाप मला नको."

कुकरसाठी हात! आणि पुढे दसऱ्या-दिवाळीची मोठी ऑर्डर होती, चार नंबर सगळ्या पाळ्यांत चालणार होता. आज ना उद्या कुणाचा तरी पंजा मनगटापासून जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. सांगावं तर या तिघांना मेमो. न सांगावं तर कुणाचा तरी हात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी पाटणकर साहेबांकडे गेले. ती पाटी माझ्याकडे बघत होतीच. मी म्हटलं, "साहेब, प्रेस खात्यात लोकांना लागतंय आणि ते लपवताहेत."

"कोण? नावं सांगा."

"नावं सांगणार नाही."

त्यांच्या कपाळावर शीर उठली. "सिस्टर, पुराव्याशिवाय आरोप करू नका. बोर्ड बघा बाहेर."

"बोर्ड बघितला. आता तुम्ही माझ्याबरोबर जेवायला चला."

ते चमकले. साहेब लोकांचं जेवण केबिनमध्ये यायचं, कॅन्टीनला कोण जातं! पण आले. मी त्यांना कोपऱ्यात बसवलं, जिथे मी बसले होते तिथेच. शेवंताताईंनी दोन ताटं आणून ठेवली. साहेबांनी पहिला घास घेतला, समोर बघितलं, आणि त्यांचा हात थांबला. एकदा त्या बाकाकडे, एकदा माझ्याकडे. रामनाथने साहेबांना पाहिलं मात्र, डावा हातसुद्धा बाकाखाली घातला. तिघेही दोन्ही हात लपवून ताटापुढे नुसते बसून राहिले, शाळेत मार खायला उभी राहिलेली पोरं दिसतात तसे.

मी हळूच म्हटलं, "चार नंबर डबल मारतो, साहेब." साहेब उठले ते सरळ चार नंबरवर. मीही मागे धावले, आणि निघताना भाजीच्या टोपलीतल्या शेवग्याच्या शेंगा उचलल्या. त्या क्षणी ते कसं सुचलं कोण जाणे, आता सांगताना अंगावर काटा येतो. सुपरवायझर खैरनार तिथे होते. साहेबांनी प्रेस चालू करायला लावला. ठप्, वर. ठप्, वर. शहाण्या बाळासारखा चालला होता मेला! साहेबापुढे यंत्रंसुद्धा शिस्तीत वागतात.

"बघा साहेब, काही नाही," खैरनार म्हणाले. "हात घालायची घाई या लोकांनाच."

मी शेंग पुढे केली. "हात जातो तिथे ही घाला." साहेबांनी ती स्वतःच्या हाताने चिमट्यात धरली. पेडल, ठप्, वर, शेंग आत, शेंग बाहेर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काही होईना. आजूबाजूला सगळं खातं जमा झालेलं. मला वाटलं, झालं, आता माझंच हसू होणार. साहेबांनी शेंग आत घातली, मान वळवून मला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पेडलवर कुणाचाही पाय नसताना ठोकळा खाली आला.

आवाज रोजचाच होता. पण शेंगेचा हिरवा चोथा साच्यात चिकटलेला होता आणि चिमट्यात बोटभर देठ उरला होता. साहेब पांढरेफटक पडले. चिमटा हातातून गळून खाली पडला. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

साहेब खैरनारांकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

खैरनारांनी खाली बघितलं. "होतं साहेब."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगायला आलो होतो. ठोकळा थांबवणारा क्लच झिजलाय म्हणून. तुम्ही म्हणालात, प्रॉब्लेम आणू नका, सोल्युशन आणा. माझ्याकडे सोल्युशन नव्हतं. नवीन पार्ट मागवायची सही तुमची."

मेंटेनन्सला माहीत होतं. स्टोअरला माहीत होतं. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं. सगळ्या कारखान्यात माहीत नव्हतं ते फक्त ज्याच्या सहीने प्रेस थांबला असता त्याला! साहेब तयार मालाच्या पेटीवर मटकन बसले. मग उठून त्यांनी मेन स्विच पाडला, चार नंबरचे फ्यूज काढले आणि स्वतःच्या पँटच्या खिशात घातले. ऑर्डर उशिरा गेली, मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर वाट्टेल ते बोललं. साहेबांनी ऐकून घेतलं.

पाळी सुटताना त्यांनी सगळ्यांना गेटजवळ थांबवलं. "हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले, "कारण ज्याला सांगावं असा मी माणूस नव्हतो. कुकर सगळ्यांना मिळतील. ज्याला लागलंय त्याने उद्या सिस्टरांकडे जायचं. मेमो नाही, चौकशी नाही. माझा शब्द." आणि खुर्चीवर चढून त्यांनी बोर्डावरचा आकडा रुमालाने पुसला.

पुढचं आधीच सांगून टाकते. रोज सकाळी प्रेसपाशी उभ्याउभ्या चहा होईपर्यंत एक सभा सुरू झाली. आम्ही तिला खटक्याची सभा म्हणायचो. काल काय खटकलं, एवढंच बोलायचं. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना, सगळे बुटाकडे बघत उभे. तेव्हा साहेबच म्हणाले, "काल मी मोजमाप न बघता एक ड्रॉइंग पास केलं. चूक माझी." लोक एकमेकांकडे बघायला लागले, साहेब चुकतो! मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. फरशीवर तेल सांडतंय. क्रेनचा दोर चिरलाय. जे सांगितलं ते त्या दिवशी व्हायचं, नाही झालं तर का नाही, ते दुसऱ्या सकाळी साहेब सांगायचे. पुढे दोन हजार सालानंतर एका पाळीत नव्याच माणसाने पॅनेलमधून जळका वास येतोय म्हणून सगळी लाइन स्वतःच्या अकलेने बंद केली. आत वायरी वितळायला लागल्या होत्या. पूर्वी असता तर बिचारा नाकाला रुमाल लावून बसला असता. मुंबईचे तपासणीवाले मात्र आमचे वाढलेले आकडे बघून म्हणायचे, "तुमच्याकडे अपघात फार दिसतात हो." साहेब शांतपणे म्हणायचे, "दिसतात, हेच बरं आहे."

वामनला साहेबांनी परत बोलावलं होतं. तो आला, गेटपाशीच उभा राहिला, माफीही ऐकली. म्हणाला, "आता नको साहेब. तिकडं बैल तरी ऐकतो माझं." याची सल साहेबांना शेवटपर्यंत होती. मलाही आहे.

पण मला खरं सांगायची आहे ती बोर्ड पुसल्यानंतरची सकाळ. मी तीन पट्ट्यांची तयारी करून खोली उघडली. बाहेर बघते तर रांग! गेटपर्यंत रांग! प्रेसचे, वेल्डिंगचे, रंगाचे. पिकलेल्या जखमा, भाजलेले पंजे, काही महिन्यांपूर्वी मोडून वाकडी जुळलेली करंगळी. सुईला भिणारा गडी पायाला चिंधी बांधून उभा. मी एकेकाला आत घेत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. एवढी माणसं रोज माझ्या खिडकीवरून लंगडत गेली होती! रामनाथला मी सर्वांत आधी घेतलं. त्याचं बोट वाचलं. नख मात्र पुन्हा सरळ आलं नाही.

दुपार उलटून गेल्यावर रांग संपली. मी हात धुवत होते तर दारात शेवंताताई. मला वाटलं, चहा आणलाय.

"या ताई. तुमच्या हळदीने वाचवलं हो सगळ्यांना!"

त्या आत आल्या, दार लोटलं, आणि डाव्या हाताची शर्टाची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत सगळं भाजलेलं. हळदीचे थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि कडेने पू येत होता. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात, चुलीपुढे, ही बाई पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालते, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं.

"कशाने झालं?"

"कॅन्टीनचा मोठा कुकर. त्याचं झाकण बसत नाय नीट. वाफ आली अंगावर."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं की वो," त्या अगदी सहज म्हणाल्या. "हळद लय संपती म्हणून. तुम्ही इचारलं, कोण नेतं. मला लागती का, ते नाय इचारलं."

मी खाटेवर बसले. उलट त्याच माझी समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या, "असू द्या. मी कंत्राटातली. म्हणून तर आले नाय. म्हटलं, साहेबानं कालच बोर्ड पुसला, आता इचारून बघावं. सिस्टर, माझं लागलेलं त्या बोर्डात धरत्यात का वो?"

धरत नव्हते. त्यांना कुकरही मिळणार नव्हता. मी हात पुसले, त्यांचा धड हात धरला आणि ती बाही तशीच वर ठेवून त्यांना घेऊन पाटणकर साहेबांच्या केबिनकडे निघाले.